सुपातली मजुरी : विडी कामगार भगिनी आणि किमान वेतनाचा कायदा

आपल्या पद्मशाली समाजाचा इतिहास सांगावयास बसलेला लेखक बहुधा मार्कंडेय महामुनी व भावना ऋषी यांच्यापासून आरंभ करतो, कमलतंतूंच्या वस्त्राची कथा सांगतो, आणि तेथून तेलंगणातील खेडी सोडून सोलापुरास आलेल्या विणकरांच्या मागापर्यंत येऊन पोहोचतो. स्मरणिकांतून माग, धोटा, चादर आणि रथोत्सव यांविषयी जे लेखन होते ते आवश्यकच आहे. परंतु त्याच घरात, मागाच्या खोलीस लागून असलेल्या पडवीत, मांडीवर सूप घेऊन विड्या वळीत बसलेल्या स्त्रीची मजुरी कोणी ठरविली, ती तिला किती मिळाली, आणि कमी मिळाली तेव्हा कायद्याने तिचे कितपत ऐकले, ही हकीकत मात्र आमच्या पाहण्यात क्वचितच आली. या मजुरीवर कित्येक घरांचे भाडे गेले, मुलांच्या फिया गेल्या, आणि आज डॉक्टर, अभियंते व शिक्षक म्हणून ज्यांचा आपण सत्कार करतो त्यांपैकी अनेकांची पाठ्यपुस्तके याच सुपातून आली. सबब ही हकीकत येथे क्रमाने मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

विडी घरात कशी आली

१८६० साली आगगाडी सोलापुरास आली, पुढील दोन दशकांत कापडगिरणी उभी राहिली, आणि निजामाच्या मुलखातून येणाऱ्या विणकर कुटुंबांचा ओघ वाढत गेला. हातमागाच्या घरात स्त्रीला काम होतेच. कांड्या भरणे, ताणा लावणे, सूत उकलणे ही कामे तीच करी. मात्र त्या कामाची मजुरी निराळी मोजली जात नसे. ती पुरुषाच्या विणाईत धरलेली असे. पुढे हातमाग मागे पडून यंत्रमाग आले. ताणा आणि कांडी यंत्राकडे गेली, घरातील स्त्रीचे काम गेले, पण घरातील तोंडे कमी झाली नाहीत. या पोकळीत विडीने प्रवेश केला. सोलापूर, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर), संगमनेर, सिन्नर या सर्व ठिकाणी आपल्या भगिनी या धंद्यात शिरल्या, त्याचे कारण थोड्याफार फरकाने हेच होय.

या धंद्यास यंत्र लागत नाही, जागा लागत नाही, भांडवलही कामगाराला घालावे लागत नाही. कारखानदाराने तेंदूची पाने, तंबाखू व दोरा द्यावा. स्त्रीने ती पाने घरी नेऊन भिजवावी, पत्र्याच्या मापाने कात्रीने कापावी, तंबाखू भरून वळावी, तोंड मुडपून दोरा बांधावा, आणि दुसऱ्या दिवशी माल शाखेवर जमा करावा. दिवसभर मान खाली घालून बसले तर आठशे-हजार विड्या होतात. मजुरी हजारावर मोजली जाते. मुले सांभाळून, स्वयंपाक करून, दाराआड बसून करता येणारे काम म्हणून ते सोयीचे वाटले, आणि याच सोयीत त्याची सर्व अडचण दडलेली होती. गिरणीतला कामगार भोंग्याने मोजला जाई. घरातली कामगार स्त्री कोणाच्याच मोजणीत येत नसे.

कायद्याची चाहूल

देशातील कामगारांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी १९२९ साली नेमलेल्या शाही आयोगाने १९३१ साली अहवाल सादर केला. त्यात विडीच्या लहान कारखान्यांची दशा, विशेषतः तेथे राबणाऱ्या कोवळ्या मुलांचे हाल, कठोर शब्दांत नमूद झाले होते. तत्पूर्वी १९२८ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने किमान वेतन ठरविणारी यंत्रणा असावी असा करार केला होता. जेथे कामगार संघटित नाहीत आणि मजुरी फारच कमी आहे अशा धंद्यांकरिता तो करार होता. १९४४ साली श्री. द. वि. रेगे यांच्या अध्यक्षतेखाली कामगार चौकशी समिती नेमण्यात आली, आणि तिच्या कामात विडी, सिगार व सिगारेट या धंद्यांची स्वतंत्र पाहणी झाली.

त्यानंतर ११ एप्रिल १९४६ रोजी, मध्यवर्ती कायदेमंडळात कामगार खात्याचे सभासद डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी किमान वेतनाचे विधेयक मांडले. स्वातंत्र्यानंतर, बाबू जगजीवनराम कामगारमंत्री असताना, ते संमत झाले आणि १५ मार्च १९४८ पासून अंमलात आले. कायद्यास जोडलेल्या यादीत गालिचे व शाली विणणे, तांदूळ-पीठ-डाळीच्या गिरण्या, तेलाच्या गिरण्या, खडी फोडणे, रस्ते व इमारतींचे बांधकाम, लाख, अभ्रक, कातडी कमावणे, मळे इत्यादी धंदे होते, आणि त्यांतच विडी वळण्यासह तंबाखूचा धंदा होता. म्हणजे ज्या दिवशी हा कायदा झाला त्या दिवसापासून आपल्या पडवीतील काम त्याच्या कक्षेत आले होते.

या कायद्यातील तीन गोष्टी वाचकांनी विशेष लक्षात घ्याव्यात असे आम्हांस वाटते. पहिली अशी की, कामगार कोणास म्हणावे हे सांगताना त्यात घरी माल नेऊन काम करणाऱ्याचाही स्पष्ट समावेश केला होता. दुसरी अशी की, नगावर मजुरी असली तरी तिचा किमान दर ठरविण्याची मुभा सरकारास दिली होती. आणि तिसरी अशी की, किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करण्यास कामगाराने स्वतः संमती दिली तरी ती संमती निरर्थक मानली होती. या तिसऱ्या तत्त्वाची परीक्षा लवकरच झाली. अजमेर येथील एका कापडगिरणीच्या प्रकरणात, आपले कामगार कमी मजुरीवर राजीखुशीने काम करावयास तयार आहेत, असे मालकांचे म्हणणे होते. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरविला. पोटापाण्याच्या अडचणीपायी जी संमती दिली जाते तिच्या आधारे किमान मर्यादा मोडता येणार नाही, असा या निर्णयाचा इत्यर्थ आहे. ‘ती स्वतःच तयार आहे, मग आमचा काय दोष,’ हे वाक्य आजही कानी पडते. त्याला उत्तर मिळून सात दशके लोटली आहेत.

किमान वेतन म्हणजे किती, याचे मोजमाप १९५७ साली नवी दिल्ली येथे भरलेल्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने घालून दिले. एका कमावत्यामागे तीन माणसांचा खर्च धरावा, प्रत्येकास २७०० उष्मांक मिळतील एवढे अन्न, चौघांच्या कुटुंबास वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, आणि सरपण, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी एकूण वेतनाच्या २० टक्के रक्कम धरावी, असे तिने ठरविले. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने मुलांचे शिक्षण, औषधपाणी, म्हातारपण, लग्नकार्य यांसाठी आणखी २५ टक्के धरावयास सांगितले. हे आकडे येथे मुद्दाम देत आहोत. मजुरीच्या दरात शाळेची फी आणि औषधाची बाटलीही मोजावयाची असते, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांस ठाऊक नसते.

घराच्या उंबऱ्यावर अडलेला कायदा

एवढा सुस्पष्ट कायदा असताना मजुरी कमी का राहिली? दर ठरविण्याच्या कायद्यातील मुदती पुन्हा पुन्हा वाढवाव्या लागल्या, हे एक कारण. त्याहून मोठे कारण म्हणजे, दर ठरला तरी तो मागावयाचा कोणाकडे हे ठरेना.

त्याच १९४८ साली कारखान्यांचाही कायदा झाला होता. त्यातील कामाचे तास, पगारी रजा, स्वच्छता इत्यादी सवलती, यंत्रशक्ती नसलेल्या ठिकाणी किमान वीस कामगार असतील तरच लागू होत. तेव्हा विडीच्या धंद्यात मोठे कारखाने मोडून लहान लहान जागा करण्यात आल्या, कित्येक ठिकाणी काम घरोघरी देण्यात आले, आणि मधे ठेकेदार उभा करण्यात आला. ठेकेदार म्हणे, मी केवळ माल पोहोचविणारा. कारखानदार म्हणे, या बाईस मी ओळखतही नाही. काही ठिकाणी तर पाने-तंबाखू बाईस विकली आणि विड्या तिच्याकडून विकत घेतल्या, अशी कागदोपत्री विक्री-खरेदी दाखविण्यात आली. जी स्त्री दिवसभर दुसऱ्याच्या तंबाखूवर राबत होती ती कागदावर व्यापारी झाली. व्यापाऱ्याला किमान वेतन कसले?

हा प्रश्न वारंवार सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि तेथील निर्णयांवरूनही तो किती बिकट होता हे दिसून येईल. १९५८ साली मध्य प्रदेशातील एका विडी कारखान्याच्या खटल्यात, सट्टेदार व त्याने लावलेली माणसे ही कारखान्याचे कामगार नव्हेत, असा निर्णय झाला. १९६० च्या अखेरीस नागपूरच्या कारखान्यात बसून विड्या वळणाऱ्यांना न्यायालयाने कामगार मानले व पगारी रजेचा त्यांचा हक्क मान्य केला. पुढच्याच वर्षी महाराष्ट्रातील दुसऱ्या एका प्रकरणात, कामावर केव्हाही यावे व केव्हाही जावे अशी मोकळीक असलेला विडी वळणारा हा कारखाना-कायद्याप्रमाणे कामगार ठरत नाही, असा बहुमताचा निकाल लागला. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी मात्र भिन्न मत नोंदविले. १९६४ साली मद्रासकडील प्रकरणात न्यायालयाने ठेकेदारीचा पडदा बाजूस सारला. मधला मनुष्य मालकाचा हस्तक आहे आणि घरी विड्या वळणारे हे मालकाचेच कामगार आहेत, असे त्यात ठरले. सहा-सात वर्षांत एकाच धंद्यातील एकाच कामाविषयी हे इतके निरनिराळे निर्णय झाले. त्यावरून या भगिनींना प्रथम आपण कामगार आहोत हेच सिद्ध करावे लागत होते, मजुरीचा प्रश्न त्यानंतरचा होता, हे वाचकांच्या ध्यानी येईल.

१९६६ चा कायदा आणि पुढील पावले

हा घोळ मिटविण्यासाठी संसदेने १९६६ साली विडी व सिगार कामगारांच्या नोकरीच्या अटींविषयीचा स्वतंत्र कायदा केला. त्यात घरी काम करणारी स्त्री कामगार मानली गेली, ठेकेदारामार्फत काम दिले तरी मूळ मालकाची जबाबदारी मानली गेली, विडीच्या जागेस परवाना आवश्यक झाला, बाळंतपणाची सवलत आली, आणि पुढे नियमांनी छाटाच्या विड्यांवरही मर्यादा घातली. छाट म्हणजे काय हे विडी वळणाऱ्या घरास सांगावयास नको. जमा केलेल्या मालातून ‘खराब’ म्हणून काढलेल्या विड्यांची मजुरी बुडे, आणि त्या विड्या मात्र परत मिळत नसत.

कारखानदारांनी या कायद्यास आव्हान दिले. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरविला. परंतु दरम्यान केरळात जे घडले ते आपल्यासारख्या समाजाने विशेष अभ्यासावे असे आहे. तेथील सरकारने नवा कायदा अंमलात आणताच १९६८ साली एका मोठ्या कंपनीने कन्नूरकडील आपले काम बंद केले व हजारो विडी कामगार एका झटक्यात बेकार झाले. तेव्हा १९६९ च्या फेब्रुवारीत सरकारच्या साह्याने तेथील कामगारांनी ‘दिनेश विडी’ ही सहकारी संस्था उभी केली, आणि मालकांशिवायही हा धंदा कायदेशीर मजुरी देऊन चालू शकतो हे अनेक वर्षे दाखवून दिले. यावरून दोन बोध मिळतात. एका राज्याने दर वाढविला तर हलका धंदा शेजारच्या राज्यात पळतो, म्हणून साऱ्या देशास एक किमान पायरी हवी. आणि दुसरा असा की, सहकार ही विणकरांस नवी नसलेली गोष्ट विडी वळणाऱ्या भगिनींनाही उपयोगी पडू शकत होती.

त्याच १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा केला. आज एका व्यापाऱ्याकडे तर उद्या दुसऱ्याकडे ओझी वाहणाऱ्या हमालाचा मालक कोण, हाही तसाच प्रश्न होता. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या बाजारांतील माथाडींनी जो लढा दिला त्यातून निघालेला तोडगा असा : कामगाराची नोंद मंडळाकडे असावी, व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावरील आकारणी मंडळात भरावी, आणि मंडळाने कामगारास मजुरी, भविष्य निर्वाह निधी व इतर लाभ द्यावेत. अनेक मालकांत विखुरलेली जबाबदारी एका नोंदवहीत एकत्र आणण्याची ही युक्ती होती. आमच्या मते असंघटित कामगारांच्या संरक्षणाच्या इतिहासात महाराष्ट्राने देशाला दिलेली ही एक मोलाची देणगी होय.

विडीच्या धंद्यात नोंदीचे काम निराळ्या वाटेने झाले. १९७६ साली विडी कामगार कल्याण निधीचा व त्यासाठी विडीवर उपकर बसविण्याचा असे दोन कायदे झाले. १९७७ साली भविष्य निर्वाह निधीची योजना या धंद्यास लागू झाली, आणि घरी वळणाऱ्या स्त्रियांनाही ती लागू होते, असे १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. कल्याण निधीतून दवाखाने निघाले, मुलांना शिष्यवृत्त्या मिळाल्या, घरकुलांना साह्य मिळाले. या सर्वांची किल्ली म्हणजे विडी कामगाराचे ओळखपत्र. ज्या घरात ते होते त्या घरातील मुलास शिष्यवृत्तीचा अर्ज करता आला. ज्या घरात नव्हते, तेथील आईने त्याच विड्या त्याच दराने वळल्या असल्या तरी तिच्या मुलास अर्ज करता आला नाही. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा विडीवरील उपकर संपुष्टात आला. तेव्हापासून या योजना स्वतःच्या निधीवर उभ्या राहिलेल्या नाहीत, सरकारच्या अंदाजपत्रकावर अवलंबून आहेत, हेही नोंदवून ठेवणे जरूर आहे.

सोलापुरातील विडी कामगार स्त्रियांच्या संघटित मागणीचे सर्वांत ठळक फळ म्हणजे कुंभारी येथील गोदूताई परुळेकर वसाहत. विडी कामगार भगिनींसाठी दहा हजार घरांची ही वसाहत उभी राहिली आणि २००६ साली तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत घरे देण्यात आली. त्यानंतर असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांची रे नगर योजना झाली. तिच्यातील पहिल्या पंधरा हजार घरांचे वितरण १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान श्री. नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले. राजकीय मते कोणाची काहीही असोत. जिच्या नावे कधी एक खोली नव्हती अशा स्त्रीच्या नावे घर झाले, ही गोष्ट आपल्या समाजाच्या इतिहासात लिहून ठेवण्याजोगी आहे.

आपल्याच घरातील दोन बाजू

येथवर कायद्याची हकीकत झाली. परंतु ही स्मरणिका ज्ञातिसंस्थेची आहे, आणि ज्ञातीत सर्वच लोक एका बाजूस नसतात, हे न सांगता लेख संपविणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. आपल्या समाजात विडी वळणारी स्त्री आहे, तसा विडीचा ठेकेदारही आहे. यंत्रमागावर बारा तास उभा राहणारा कामगार आहे, तसा त्या मागांचा धनीही आहे. दोघेही नारळी पौर्णिमेस मार्कंडेयाच्या रथास हात लावतात, दोघेही एकाच पंगतीस बसतात, आणि पुष्कळदा एकमेकांचे सोयरेही असतात.

या नात्याने मजुरीच्या प्रश्नावर काय परिणाम होतो ते उघडपणे पाहिले पाहिजे. मालक परका असता तर कामगाराने कार्यालयात अर्ज दिला असता. मालक मामा किंवा दीर असला म्हणजे अर्ज देणे म्हणजे घराची अब्रू चव्हाट्यावर आणणे, असे मानले जाते. पाने कमी भरली तर पदरचे पैसे घालून बाजारातून पाने आणून माल पुरा करावयाचा; छाट अधिक निघाली तर निमूट सोसावयाची; नोंदवहीवर सून व सासू दोघींचे काम एकाच नावाने पडले तर ‘घरातच तर आहे’ म्हणून गप्प बसावयाचे. या शेवटच्या गोष्टीची किंमत फार मोठी आहे. एका नावावर दोघींचे काम पडले म्हणजे दुसरीचा निधी नाही, ओळखपत्र नाही, बाळंतपणाचा लाभ नाही. वीस वर्षे राबूनही ती कागदावर कधी जन्मासच आलेली नसते.

ज्ञातिबांधव मालकांची बाजूही आम्ही विसरत नाही. लहान ठेकेदारावर वरचा कारखानदार दर लादतो. लहान यंत्रमागधारकास सुताचा भाव व कापडाचा भाव, दोन्ही परकेच ठरवितात. प्रामाणिकपणे कायदेशीर मजुरी देणारा मनुष्य न देणाऱ्या शेजाऱ्यापुढे बाजारात मागे पडतो. हे सर्व खरे आहे. पण या अडचणीवर किमान वेतन हाच उपाय आहे, असे आम्हांस वाटते. कारण जो दर सर्वांसच द्यावा लागतो त्यामुळे कोणी कोणापेक्षा मागे पडत नाही. कायदा जेथे काहींनाच लागतो तेथेच तो प्रामाणिक माणसास शिक्षा होऊन बसतो.

आजची स्थिती

श्री. अर्जुन सेनगुप्ता यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने २००७ साली सांगितले की, देशातील दर शंभर कामगारांपैकी नव्वदांहून अधिक अनौपचारिक स्वरूपाच्या कामात आहेत. त्यानंतर २००८ साली असंघटित कामगारांच्या सामाजिक सुरक्षेचा कायदा झाला, ऑगस्ट २०२१ मध्ये ई-श्रम नोंदणी सुरू झाली आणि तीत तीस कोटींहून अधिक लोकांनी नावे नोंदविली. पुढे केंद्राच्या चार श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आल्या. त्यामुळे १९४८ चा किमान वेतन कायदा व १९६६ चा विडी कायदा हे दोन्ही आता इतिहासजमा झाले असून त्यांच्या जागी अनुक्रमे वेतनविषयक संहिता व कामाच्या ठिकाणची सुरक्षितता, आरोग्य आदींविषयीची संहिता आली आहे. जुन्या अधिसूचना नव्या तरतुदींशी विसंगत नसतील तोवर चालू राहतात.

नव्या वेतनसंहितेत लाभाच्या गोष्टी आहेत. किमान वेतन आता यादीतील धंद्यांपुरते राहिलेले नाही, ते सर्व धंद्यांस लागू केले आहे. केंद्राने किमान पायरी ठरवावी व कोणत्याही राज्याने तिच्याखाली जाऊ नये, अशी तरतूद आहे. कमी मजुरीबद्दल मागणी करण्याची मुदत पूर्वी सहा महिन्यांची होती, ती तीन वर्षांची झाली आहे. मजुरी दिली हे सिद्ध करण्याचा भार मालकावर टाकला आहे. पूर्वी दंडाची मर्यादा पाचशे रुपयांची होती, ती पन्नास हजारांवर गेली आहे. परंतु एका गोष्टीकडे आपल्या समाजाने डोळ्यांत तेल घालून पाहावे. १९४८ च्या कायद्यात घरी माल नेऊन काम करणाऱ्याचा जो स्पष्ट उल्लेख होता तो नव्या वेतनसंहितेतील कामगाराच्या व्याख्येत त्या शब्दांत नाही. सामाजिक सुरक्षेच्या संहितेत घरी बसून काम करणाऱ्या कामगाराची व्याख्या आहे, पण ती असंघटित कामगारांच्या प्रकरणी आहे. म्हणजे ‘ही बाई कोणाची कामगार’ हा १९५८ सालचा प्रश्न पुन्हा उपस्थित होणारच नाही, असे समजून निर्धास्त राहता येणार नाही.

तंबाखूने शरीराची होणारी हानी आता सर्वमान्य आहे. विडी ओढणाऱ्याची तर होतेच, पण तंबाखूच्या धुळीत बसणाऱ्या स्त्रीचीही होते. हा धंदा वाढत राहावा अशी इच्छा कोणी धरू नये, आणि आपल्या मुली आता तो धरीतही नाहीत. त्या शिलाईकडे, गणवेशांच्या कामाकडे, घरी बसून बटणे लावणे व धागे कापणे याकडे वळल्या आहेत. काम बदलले, पण रीत तीच आहे. माल घरी येतो, नगावर मजुरी मिळते, मधे एक मनुष्य असतो, आणि नोंद कोठेच नसते. आजीने विडीच्या बाबतीत जे चाळीस वर्षे झगडून मिळविले ते नातीला शिलाईच्या बाबतीत पहिल्यापासून मिळवावे लागू नये, एवढ्याचसाठी हा इतिहास सांगण्याचा खटाटोप आहे.

संस्थेने काय करावे

या सर्व इतिहासाचा आम्हांस उमगलेला अर्थ साधा आहे. दर ठरविणे हे सरकारचे काम, परंतु ज्याच्या हातात नोंद नाही त्याच्या दारापर्यंत तो दर येत नाही. परवाना, नोंदवही, ओळखपत्र, निधीचा क्रमांक या कागदांनीच विडी वळणाऱ्या स्त्रीस कामगार केले.

म्हणून आमची नम्र सूचना अशी की, आपल्या संस्थेने विवाहेच्छूंची यादी जशी काळजीने ठेवली आहे तशीच घरी बसून काम करणाऱ्या भगिनींची एक वही ठेवावी. प्रत्येकीचे नाव, काम कोणाकडून येते, कोणत्या दराने येते, ओळखपत्र व निधीचा क्रमांक आहे किंवा नाही, एवढ्या गोष्टी तीत असाव्यात. सासू व सून यांचे काम निरनिराळ्या नावावर लिहिले जावे. शासनाने जाहीर केलेला चालू दर मराठीत व तेलुगूत मोठ्या अक्षरांनी संस्थेच्या फलकावर लावावा. महाराष्ट्रात महागाईचा विशेष भत्ता वर्षातून दोनदा बदलतो, तेव्हा फलकही दोनदा बदलावा. आणि ज्ञातिबांधव मालकांपैकी जे कायदेशीर दर देतात व निधी भरतात त्यांचा, दहावी-बारावीच्या गुणवंतांच्या शेजारी बसवून, वार्षिक समारंभात सन्मान करावा. देणगीदारांची नावे आपण संगमरवरावर कोरतो ते योग्यच आहे. पण मजुरी पूर्ण देणे हे देणगीच्या आधीचे कर्तव्य आहे, हेही त्याच सभागृहात सांगितले जावे.

ज्या भगिनींच्या बोटांनी आपली घरे उभी केली त्यांची नावे कोणत्याही इतिहासात नाहीत, आणि त्यांपैकी पुष्कळांची कारखान्याच्या वहीतही नव्हती. निदान संस्थेच्या वहीत ती येत्या वर्षी लिहिली जावीत, एवढीच मार्कंडेयचरणी प्रार्थना.